पदवी आणि कामाची ओळख

गेली पंधरा-सोळा वर्षे, पावसाळ्यात महाविद्यालये सुरू झाली की विद्यार्थ्यांशी बोलण्याचे निमंत्रण मला दोन-चार ठिकाणांहून हमखास येते. मी सरकारी अधिकारी आहे आणि स्पर्धापरीक्षा देऊन या नोकरीत आलो, एवढीच माझी पात्रता. प्राचार्य शाल-श्रीफळ देतात, परिचय करून देताना माझ्या परीक्षेतील क्रमांकाचा आवर्जून उल्लेख होतो, आणि मग जिद्द, चिकाटी व परिश्रम या ठरलेल्या विषयावर मी पाऊण तास बोलतो. मुले शांतपणे ऐकतात. काही जण वहीत उतरूनही घेतात. या भाषणांनी कुणाचे नुकसान होत असेल अशी शंका मला कधी आली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एक तरुण माझ्या कार्यालयात भेटायला आला. वय एकतीस-बत्तीसचे, कपडे साधे पण नीटनेटके. तो पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी त्याच्या महाविद्यालयात बोललो होतो, ही आठवण त्याने मला दिली. पदवी मिळाल्यावर तो पुण्याला गेला, एका अभ्यासिकेत त्याने जागा घेतली आणि पुढे नऊ-दहा वर्षे एकामागून एक परीक्षा दिल्या. दोनदा तो मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला होता. दरम्यान वडिलांनी अर्धा एकर जमीन विकली होती आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण बारावीवर थांबले होते. त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. शेवटी तो एवढेच म्हणाला, "सर, चिकाटी सोडू नका असं तुम्ही सांगितलं होतं. मी सोडली नाही. आता पुढं काय करू, ते विचारायला आलोय."

मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे श्रोत्यांनी समजावे.

प्रथम थोडे आकडे पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ सालच्या नागरी सेवा परीक्षेसाठी ११ लाख ३५ हजारांहून अधिक अर्ज आले होते. त्यांपैकी ५ लाख ७३ हजारांहून अधिक उमेदवार प्रत्यक्ष परीक्षेला बसले आणि अखेरीस ९३३ जणांची नियुक्तीसाठी शिफारस झाली. म्हणजे परीक्षेला बसलेल्या सहाशेहून अधिक उमेदवारांमागे एक. त्या एकाच्या गळ्यात हार पडतो आणि त्याला भाषणाला बोलावतात. उरलेल्या सहाशे जणांना कुणी बोलावीत नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांपुढे येणारा अनुभव नेहमी त्या एकाचाच असतो. मीही त्या एकांपैकीच होतो, आणि माझ्या भाषणांत उरलेल्यांसाठी एक अक्षर नव्हते.

दुसरा आकडा अधिक व्यापक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीतील एक अभ्याससंस्था यांनी २०२४ साली भारतातील रोजगाराविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ साली देशातील पदवीधर तरुणांत बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांत ते ३.४ टक्के होते. हे वाचून, शिकल्यामुळे माणूस बेकार होतो असा निष्कर्ष कुणी काढील, तर ती चूक होईल. निरक्षर मजुराला बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल त्या मजुरीवर त्याला दुसऱ्या दिवशी उभे राहावे लागते. पदवीधर मात्र थांबतो. घर त्याला दोन-चार वर्षे कसेबसे पोसू शकते, आणि समोर जे काम दिसते ते आपल्या पदवीला साजेसे नाही असे त्याला आणि घरच्यांनाही वाटते. या थांबण्यातच पुष्कळदा त्याची उमेदीची वर्षे निघून जातात. केंद्रीय परीक्षेला खुल्या गटासाठी ३२ वर्षांची आणि सहा प्रयत्नांची मर्यादा आहे. राज्याच्या परीक्षांची वयोमर्यादा त्याहून पुढे जाते. मर्यादा जितकी लांब, तितके थांबणेही लांबते.

पदवी आणि नोकरी यांची ही गाठ आपल्याकडे पडली कशी? मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही ती चार नावे. रानडे पुढे न्यायाधीश झाले. भांडारकर सिंधमधील हैदराबाद आणि मग रत्नागिरी येथे शाळेचे मुख्याध्यापक झाले. साऱ्या मुंबई इलाख्यात पदवीधर जेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, तेव्हा पदवी हीच नेमणूक होती. सरकारला माणसे हवी होती आणि माणसे थोडी होती. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही जुनी म्हण त्या काळात उलटी झाली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानांत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतूनही लेखणी आणि दफ्तर यांना मान होताच. त्यात पदवीची भर पडली. ती स्थिती केव्हाच पालटली. पदवीधर चारांचे कोट्यवधी झाले, पण पदवी हातात पडली की नेमणूक मागोमाग येईल ही समजूत मात्र आपल्या घरांत अजून शाबूत आहे.

पदवीने जे सिद्ध होते आणि कामाला जे लागते, त्यांत अंतर किती असते हे मला माझ्या पहिल्याच नेमणुकीत कळले. मी इतिहासाचा एम. ए. उन्हाळ्याचे दिवस होते. एका गावाने पाण्याचा टँकर मागणारा अर्ज केला होता आणि त्यावर टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी चार पाने लिहिली. दख्खनच्या पठारावरील खडक, पर्जन्यछायेचा प्रदेश, पूर्वीचे दुष्काळ, सगळे त्यात आले. परीक्षेत त्या उत्तराला उत्तम गुण मिळाले असते. कार्यालयात एक वयस्क अव्वल कारकून होते. त्यांनी ते टिपण वाचले, चष्मा काढला आणि अतिशय आदराने म्हणाले, "साहेब, वाचायला फार छान झालंय. पण करायचं काय, ते यात कुठंच आलेलं नाही."

मग त्यांनी एकेक प्रश्न विचारला. गावात घरे किती? माणसे आणि जनावरे किती? जवळची जिवंत विहीर कुठे? टँकर भरणार कुठून? कोणत्या तारखेपासून? खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडणार? मंजुरी कोणाच्या अधिकारात? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्या चार पानांत नव्हते. ती माहिती गोळा करून नवे टिपण व्हायला तीन दिवस लागले. ते टिपण अवघे अर्ध्या पानाचे झाले. त्या तीन दिवसांत त्या गावच्या बाया दीड कोसावरून डोक्यावर पाणी आणीत होत्या. माझ्या विद्वत्तेची ती किंमत होती आणि ती भरली दुसऱ्यांनीच.

काम म्हणजे काय, हे मला त्या अर्ध्या पानाने शिकविले. परीक्षेतील उत्तर चुकले तर आपले गुण जातात. कामातील उत्तर चुकले तर दुसऱ्या कुणाचे तरी अडते. आपल्या करण्यावर दुसरा कुणी विसंबून आहे, ही जाणीव कामाचा गाभा होय. कचेरी असो, कारखाना असो, दवाखाना असो वा संगणकाची कंपनी, नवा माणूस घेताना घेणारा मनात एकच गोष्ट तपासीत असतो: याच्यावर विसंबता येईल का? सांगितलेले याला समजते का, आणि न समजल्यास हा विचारतो का? दिलेली वेळ पाळतो का? चार ओळींत नेमके लिहितो का? साधा हिशेब आणि तक्ता याला जमतो का? आणि चूक झाली तर ती लपवितो, की वेळीच येऊन सांगतो? पुस्तकी ज्ञान या सर्वांना बळ देते, पण त्यांची जागा घेत नाही.

हे सारे शिकवायचे कुणी? येथे आपल्या समाजातील एक विषमता उघडी पडते. ज्याच्या घरी वडील वकील आहेत, मामा बँकेत आहेत, आत्या शाळा चालविते, त्या मुलाला या गोष्टी जेवताखाताना कळतात. साहेबाशी कसे बोलावे, रजेचा अर्ज कसा लिहावा, कोणती नोकरी वरून चकचकीत पण आतून पोकळ आहे, हे तो कानांवर पडून शिकतो. सुट्टीत मामा त्याला आपल्या ओळखीच्या कार्यालयात महिनाभर बसवितो. याला आपण वशिला म्हणतो, परंतु वशिल्याचा खरा लाभ चिठ्ठीपेक्षा या ओळखीत असतो. ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला, त्याला असा मामा कुठला? त्याला पुस्तक मिळते, परीक्षा मिळते, पदवी मिळते. कामाची ओळख तेवढी मिळत नाही. म्हणून अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत महाविद्यालयालाच मामा व्हावे लागेल. माझ्या मते या विषयाचे सार एवढेच आहे.

आपल्याकडे हे कुणाला सुचले नाही असे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. भाऊराव स्वतः शिकवण्या करून आणि पुढे ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर विकीत गावोगाव हिंडून आयुष्य शिकलेले होते. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तेव्हा तेथे गरीब मुलांनी श्रम करावेत आणि त्यावर शिकावे ही व्यवस्था त्यांनी महाविद्यालयाच्या पातळीवर आणली. 'कमवा आणि शिका' या नावाने ती महाराष्ट्रभर परिचित झाली. फी भरता यावी हा तिचा उघड हेतू होता. पण तिचा दुसरा लाभ तितकाच मोठा होता. शेतातले बी वेळेवर पेरले गेले नाही तर पीक हातचे जाते, भिंतीचा ओळंबा चुकला तर भिंत पाडावी लागते, हे मुलगा हाताने शिके. आज अनेक विद्यापीठांत या नावाच्या योजना आहेत. त्या चांगल्याच आहेत. मात्र काही ठिकाणी काम म्हणजे हजेरीपत्रकावरील सही आणि तासाभराची बैठक, एवढेच उरलेले मी पाहिले आहे.

काम शिक्षणात आणताना त्याचा प्राण कसा जातो, याचे एक उदाहरण माझ्या पिढीतील सर्वांना आठवत असेल. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ या काळात देशाच्या शिक्षणाचा विचार केला आणि कार्यानुभव हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा असे सुचविले. कल्पना थोर होती. ती आमच्या शाळेत पोहोचेपर्यंत तिचे रूपांतर कागदी फुलांत आणि शोभेच्या वस्तूंत झाले होते. सातवीत मी सादर केलेला हातरुमाल माझ्या आईने शिवला होता, आणि त्याला दहापैकी आठ गुण मिळाले. त्या रुमालाची गरज कुणालाही नव्हती, हेच त्यातील वैगुण्य. ज्यावर कुणी विसंबून नाही, ते काम म्हणजे कामाची नक्कल.

आता नव्या काळाकडे वळू. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला, ज्याला सर्वजण इंटर्नशिप म्हणतात त्याला, श्रेयांक मिळू लागले आहेत. शिकाऊ उमेदवारांचा कायदा तर १९६१ सालचा आहे. प्रारंभी तो मुख्यतः कारागिरांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने कला, वाणिज्य, विज्ञान या शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. २०१९ सालच्या नियमांनुसार ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसे कामाला आहेत, तिने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यावेत असे बंधन आहे. त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. बी. ए. झालेला मुलगाही रीतसर करार करून, विद्यावेतन घेऊन, काही महिने किंवा वर्षभर काम शिकू शकतो, ही गोष्ट किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? मी अलीकडे दर महाविद्यालयात हा प्रश्न विचारतो. हात वर होतात ते फारच थोडे. केंद्रीय परीक्षेच्या अभ्यासक्रमातील प्रत्येक पोटकलम मात्र त्यांना मुखोद्गत असते.

महाविद्यालयांत नोकरीविषयक मार्गदर्शन कक्ष असतात, पण त्यांना जाग येते ती शेवटच्या वर्षी. मग मुलाखतीला कसे बसावे, टाय कसा बांधावा, अर्ज कसा सजवावा यांवर दोन दिवसांचे शिबिर होते. मी मुलाखत मंडळांवर बसलो आहे. शिबिरात पाठ केलेली उत्तरे तिसऱ्या वाक्याला ओळखू येतात. याउलट, एका मुलीने सांगितले की ती दोन वर्षे वडिलांच्या किराणा दुकानाची उधारीची वही सांभाळीत होती. बुडीत उधारी कशी कमी केली, कुणाला नकार दिला आणि तो कोणत्या शब्दांत दिला, हे तिने साध्या भाषेत सांगितले. मंडळातील सर्वजण सरसावून बसले. अर्जात काय लिहावे हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो, पण लिहिण्याजोगे काही त्यांच्याकडून करवून घेत नाही.

म्हणून पदवीची तीन-चार वर्षे कशी वापरावीत, याविषयी माझी सूचना अगदी साधी आहे. पहिल्या वर्षी कोणतेही एक खरे काम धरावे. ग्रंथालयातील देवघेव, वसतिगृहाच्या भोजनालयाचा हिशेब, घरच्या शेतीतील खर्चाची वही, शेजारच्या मुलांची शिकवणी, काहीही चालेल. अट एवढीच, की आपण गेलो नाही तर कुणाचे तरी अडले पाहिजे. दुसऱ्या वर्षी एक कौशल्य मनापासून धरावे आणि त्याच्या जोडीला भाषा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी तरुणांना याचे महत्त्व सांगायला नको. इंदूरच्या मुलाला हिंदी, बेळगावच्या मुलाला कानडी, बडोद्याच्या मुलाला गुजराती सहज येते, आणि ही सहज आलेली दुसरी भाषा कामाच्या बाजारात केवढी मोलाची असते याची पुष्कळदा त्यांनाच कल्पना नसते. त्यांत नेमके इंग्रजी पत्र लिहिण्याची भर पडली तर बी. ए. ची पदवी एकाएकी वजनदार होते. तिसऱ्या वर्षी बाहेरच्या कार्यालयात वा कारखान्यात काही आठवडे सलग काम करावे, आणि तेथील एखाद्या अनुभवी माणसाला विचारावे: माझ्या कामात तुम्हांला काय खटकले? हा प्रश्न विचारायला धैर्य लागते, पण त्याच्या उत्तराइतके उपयोगी प्रमाणपत्र दुसरे नाही.

एकच कौशल्य धरले तर माणूस त्यातच अडकून पडेल, असे कुणी म्हणेल. त्यांना दादासाहेब फाळके यांचे चरित्र पाहायला सांगावेसे वाटते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात गेले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेली ही संस्था देशी भाषांतून कला आणि उद्योग शिकवी. फाळके छायाचित्रकार झाले, पुरातत्त्व खात्यात नकाशे आणि आराखडे काढण्याच्या नोकरीत राहिले, पुढे छपाईच्या धंद्यात पडले. वरवर पाहता हा धरसोडपणा वाटेल. परंतु १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला तेव्हा चित्रकला, छायाचित्रण, रसायने आणि यंत्रे यांची ती सारी ओळख एकाच वेळी उपयोगी पडली. जे काम मनापासून केले ते वाया जात नाही. ते पुढच्या कामात व्याजासह परत येते.

नोकरी मिळविण्याइतकीच ती टिकविण्याचीही तयारी लागते, आणि तिच्याविषयी आपण जवळजवळ बोलतच नाही. पहिल्या वर्षात नोकरी सोडणारी किंवा गमावणारी मुले बहुधा बुद्धीने कमी नसतात. कुणाला वाटते की शिकवले नाही म्हणजे विचारू नये. कुणी वरिष्ठाच्या पहिल्या रागावण्याने खचतो. कुणी चूक दडपतो आणि महिन्याने ती दसपट होऊन बाहेर येते. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मी एकच गोष्ट सांगतो: चूक झाल्याची बातमी मला प्रथम तुमच्याकडून कळली पाहिजे. ज्याला हे जमते त्याचे मोठ्यात मोठे प्रमादही सांभाळून घेता येतात. दुसरी गोष्ट अशी की, काम बदलत राहते. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या कागदी नस्त्यांची जागा आता संगणकाने घेतली आहे, आणि टिपणाचा कच्चा मसुदा यंत्रच लिहून देऊ लागले आहे. परंतु गावात जिवंत विहीर कुठे आहे, हे यंत्राला कुणीतरी जाऊन पाहून सांगावेच लागते, आणि मसुद्याखाली सही करणाऱ्याची जबाबदारी यंत्र घेत नाही. शिकत राहण्याची सवय आणि जबाबदारी घेण्याची तयारी ज्याच्यापाशी आहे, त्याला बदलाचे भय कमी.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडसर असतो, तो घरातला. परीक्षेच्या तयारीसाठी मुलीला शहरात पाठविणारे आईबाप तिला त्याच शहरात साध्या नोकरीवर पाठवायला कचरतात. आणि लग्नानंतर तर ती नोकरी टिकेल की नाही हे भलतेच लोक ठरवितात. मुलीला मिळालेले काम हा तिने घरावर केलेला उपकार किंवा घराने तिला दिलेली सवलत नव्हे. ते तिचे काम आहे. पालकांनी एवढे मान्य केले तरी पुष्कळ तयारी आपोआप होईल.

अर्थपूर्ण काम कोणते, हा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. बहुधा त्यांच्या मनात मोठा हुद्दा असतो. मला आठवते ती आमच्या कार्यालयातील वारसनोंदी पाहणारी एक लिपिक. पती वारल्यावर सातबाऱ्यावर नाव लागले नाही म्हणून एखाद्या बाईचे पीककर्ज अडते. हे त्या लिपिकेला नीट कळलेले होते. कागदात उणीव दिसली की ती अर्ज परत पाठवीत नसे. त्या बाईला समोर बसवून, कोणता कागद कुठून आणायचा ते एका चिठ्ठीवर लिहून देई, म्हणजे तिचा दुसरा हेलपाटा वाचे. त्याच टेबलावर पूर्वी बसणारा माणूस तेच काम कपाळाला आठ्या घालून करीत असे. पगार तोच, टेबल तेच. आपल्या कामाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे हे ज्याला दिसते, त्याला कामात अर्थ सापडतो. जे काम रोज काही शिकवीत नाही, किंवा जे खोटे बोलायला लावते, तेथून मात्र योग्य वेळी बाहेर पडावे. तेथे चिकाटी दाखविण्यात भूषण नाही.

सर्वांनी अशी तयारी केली तर सर्वांना काम मिळेल काय? तसे आश्वासन मी देणार नाही. कामेच अपुरी असतील तर तयारीने ती निर्माण होत नाहीत; ती जबाबदारी शासनाची आणि उद्योगधंद्यांची आहे, आणि सरकारी नोकर म्हणून त्यातील माझा वाटा मी नाकारीत नाही. पण ज्याला कामाची ओळख आहे तो थांबला तरी रिकामा थांबत नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

आणि परीक्षेची वाट धरणाऱ्यांना मी आता एवढेच सांगतो: जरूर जा. मीही त्याच वाटेने आलो. पण निघण्यापूर्वी, घरच्यांना समोर बसवून, किती वर्षे आणि किती प्रयत्न हे कागदावर लिहून ठेवा. अभ्यासाच्या जोडीने आठवड्याचे काही तास एखादे खरे काम चालू ठेवा. यश आले तर त्या कामाने तुम्ही अधिक चांगले अधिकारी व्हाल, आणि आले नाही तर परतायला रस्ता राहील.

तो तरुण पुढे पुन्हा एकदा आला. मधल्या काळात त्याच्या चुलत्यांच्या गावच्या दूध संस्थेला हिशेब लिहिणारा माणूस हवा होता आणि त्याने ते काम धरले होते. दहा वर्षांच्या अभ्यासाने त्याला कायदा चांगला समजत होता, आकडे समजत होते, सरकारी परिपत्रक वाचता येत होते. वर्षभरात संस्थेचे रखडलेले लेखापरीक्षण त्याने मार्गी लावले. "सर, हे सगळं मला आधीपासून येत होतं," तो म्हणाला, "फक्त ते कुणाच्या उपयोगी पडेल, हे ठाऊक नव्हतं."

पगार मोठा नाही आणि पुढचे पुष्कळ प्रश्न अजून उरलेले आहेत. विकलेली जमीन परत आलेली नाही. पण बहिणीचे नाव त्याने यंदा महाविद्यालयात घातले आहे. तिच्या महाविद्यालयाने मला याही वर्षी भाषणाला बोलावले आहे. मी जाणार आहे. या वेळी चिकाटीविषयी थोडे कमी बोलेन, आणि अव्वल कारकुनांनी मला विचारलेल्या प्रश्नांविषयी अधिक.